सनदेचा हिशेब कोल्हापुरात व्हावा

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला अपिलासाठी आता रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरावी लागत नाही. या मागणीसाठी आम्ही वकिलांनी चाळीस-एक वर्षं खर्ची घातली. मोर्चे काढले, उपोषणं केली, कोर्टाच्या दारात बसून राहिलो. जे ज्येष्ठ या लढ्यात पुढं होते, त्यातले कित्येक तो दिवस बघायला उरले नाहीत. उद्घाटन झालं तेव्हा मला त्यांची फार आठवण झाली.

आमचं म्हणणं साधं होतं. चंदगडच्या शेतकऱ्याला एका तारखेसाठी मुंबई गाठावी लागत असेल, तर हायकोर्ट त्याच्यासाठी असून नसल्यासारखं आहे. प्रवास, लॉजचं भाडं, बुडालेली मजुरी आणि शेवटी ‘आज बोर्डावर आलं नाही’ हे ऐकून परतणं. हे आम्ही निवेदनांत लिहिलं, भाषणांत सांगितलं आणि ते खरं होतं. आज तेच म्हणणं मला आमच्याच धंद्याला लावून बघायचं आहे. कारण ज्या पक्षकाराची तक्रार सरकारविरुद्ध किंवा भावकीविरुद्ध नसून स्वतःच्या वकिलाविरुद्ध आहे, त्याच्यासाठी मुंबई अजून तेवढीच लांब आहे.

राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या मावशी काही वर्षांपूर्वी माझ्याकडं आल्या होत्या. नवरा दुचाकीवरून जाताना ट्रकखाली गेला. नुकसानभरपाईचा दावा लोकअदालतीत मिटला आणि रक्कम त्यांच्या खात्यावर जमा झाली. पण दावा दाखल करतानाच वकिलानं त्यांच्याकडून चेकबुकातल्या तीन कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या. पैसे जमा झाले आणि चौथ्या दिवशी त्यातला तिसरा हिस्सा काढला गेला. मावशींना पासबुक भरून घेतल्यावर कळलं. विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, “तसंच ठरलं होतं की.” पावती नाही, हिशेब नाही, लेखी काही नाही.

मी त्यांना सांगितलं, हे सरळसरळ गैरवर्तन आहे, तक्रार करा. तक्रार कुठं करायची? वकिलांची शिस्त बघणाऱ्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं, मुंबईत. अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदांच्या प्रती, मग सुनावणी. त्यांनी एकच गोष्ट विचारली. “साहेब, किती खेपा घालाव्या लागतील?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पदर सावरून त्या उठल्या.

मी त्यांची तक्रार स्वतः लिहून, त्यांच्या बाजूनं उभा राहू शकलो असतो. राहिलो नाही. तो वकील माझ्या ओळखीचा होता. आम्ही एकाच बाररूममध्ये चहा घेत होतो, आणि तो पुढं माझ्याशी बोलणार नाही एवढ्याच कारणासाठी मी गप्प बसलो. ही गोष्ट मला अजून टोचते. आजचं हे लिहिणं तिच्यातूनच आलं आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी स्पष्ट मांडतो, कारण पक्षकारांना ते कुणी सांगत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलला तक्रारीत तथ्य वाटलं, तर ती प्रकरण शिस्तपालन समितीकडं पाठवते. समितीत तिघं. दोघं कौन्सिलचे सदस्य आणि तिसरा बाहेरून घेतलेला, पण तोही वकीलच. समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते, किंवा वकिलाचं नाव पटावरून कायमचं कमी करू शकते. तिच्या निकालावर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं अपील आणि त्यानंतर सुप्रीम कोर्ट. राज्याच्या समितीनं वर्षात निकाल दिला नाही, तर कलम ३६-ब प्रमाणं प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं, दिल्लीला जातं. म्हणजे मुंबईत वेळेत न्याय मिळाला नाही तर राधानगरीच्या मावशींनी दिल्लीला जायचं. वेळ वाचावा म्हणून केलेली ही तरतूद प्रत्यक्षात वाट लांबवते. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टालाच सांगावं लागलं, की राज्यांच्या कौन्सिलांनी तक्रारी वर्षाच्या आत निकाली काढाव्यात आणि दिल्लीकडं आलेली जुनी प्रकरणंही वर्षभरात संपवावीत. जे कायद्यात आधीच लिहिलेलं आहे ते पुन्हा बजावावं लागतं, यावरून काय ते समजावं.

आचारसंहिता कमी पडते असं मात्र नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम वाचले तर ते बऱ्यापैकी कडक आहेत. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. अशिलाचे पैसे हातात आले की त्याला लगेच कळवायचं, त्यांचा हिशेब ठेवायचा आणि तो मागेल तेव्हा दाखवायचा. पुरेसं कारण आणि वेळेवर सूचना दिल्याशिवाय वकीलपत्र सोडायचं नाही. हे सगळं लिहिलेलं आहे. आणि अपघाताच्या दाव्यात, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात टक्केवारी किती चालते हे आमच्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक आहे. ती इतकी रुळली आहे की पक्षकारालाच वाटतं, कायद्यानंच ती ठरवली असेल.

फाईल अडवण्याचंही तसंच. पक्षकाराला वकील बदलायचा असेल तर नवा वकील म्हणतो, आधीच्याची ना हरकत आणा. आधीचा म्हणतो, राहिलेली फी द्या आणि फाईल न्या. किती राहिली याचा कागद कुठंच नसतो. दरम्यान तारीख येते, मुदत संपते, कधी दावाच काढून टाकला जातो. २००० साली सुप्रीम कोर्टानं याचा स्पष्ट निकाल दिला. मध्य प्रदेशातल्या एका बँकेच्या वकिलानं फीसाठी फाइली अडवल्या होत्या. कोर्टानं सांगितलं की फी थकली म्हणून अशिलाचे कागद ताब्यात ठेवण्याचा वकिलाला हक्क नाही, फीसाठी त्यानं वेगळा दावा करावा. आणि ना हरकत मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घेऊन नवा वकील उभा राहू शकतो, हे नियमातच आहे. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात रोज शेकडो पक्षकार येतात. त्यातल्या कितीजणांना ही दोन वाक्यं कुणी सांगितली असतील? माझं स्पष्ट मत आहे की ती वकीलपत्राच्या छापील नमुन्यावरच मराठीत असावीत.

तारखा घेण्याबद्दल आपल्याच राज्यातला एक निकाल प्रत्येक ज्युनियरला पहिल्या दिवशी वाचायला द्यावा असा आहे. पुण्यातल्या एका प्रकरणात साक्षीदार पुन्हा पुन्हा कोर्टात हजर राहायचा आणि समोरचे वकील उलटतपास टाळण्यासाठी दरवेळी खोटी कारणं देऊन तारीख मागायचे. साक्षीदारानं तक्रार केली. राज्याच्या कौन्सिलला तिच्यात तथ्य दिसलं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियानंही तेच ठरवलं. २००१ साली सुप्रीम कोर्टानं दोन्ही निर्णय बाजूला सारले आणि सांगितलं, की साक्षीदाराला हेलपाटे घालायला लावण्यासाठी अशा तारखा घेणं हे गैरवर्तन आहे, चौकशी करा. जे सुप्रीम कोर्टाला दिसलं ते वकिलांच्याच दोन संस्थांना का दिसलं नाही? त्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. मला वाटतं, ते त्यांना फार ओळखीचं होतं. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट गैरवर्तन वाटेनाशी होते.

त्याच वर्षीचं दुसरं एक प्रकरण राजस्थानातलं. वकिलानं अशिलाला पत्र लिहिलं, की न्यायाधीश पैसे घेतात, दहा हजार रुपये पाठवून द्या. पत्र हातात होतं, वकिलानं ते लिहिल्याचं नाकारलंही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियानं आधी त्याचं नाव कायमचं कमी केलं, मग फेरविचारात ती शिक्षा नुसत्या ताकिदीवर आणली. त्याचं वय आणि इतक्या वर्षांची वकिली यांचा विचार केला गेला. सुप्रीम कोर्टानं मूळ शिक्षा पुन्हा कायम केली. आपल्या माणसाला शिक्षा देताना हात थरथरतो. ते माणुसकीचं लक्षण आहे, म्हणूनच त्या हातात एकट्याच्या भरवशावर शिक्षेचं काम देऊ नये.

आता २०२४ कडं येऊ. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ठरवलं, की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. डॉक्टर ग्राहक आयोगासमोर उभा राहतो, वकील राहणार नाही. कारणं विचार करण्याजोगी होती. वकील अशिलाच्या सांगण्याप्रमाणं चालतो, पण कोर्टाशीही त्याचं कर्तव्य असतं, आणि हरलेला प्रत्येक पक्षकार ग्राहक आयोगात गेला तर वकिली करणंच मुश्किल होईल. मी स्वतः त्या निकालाच्या बाजूचा आहे. पण या निकालाची दुसरी बाजू आमच्यापैकी फार थोड्यांनी बोलून दाखवली. ग्राहक आयोग हे जिल्ह्याच्या ठिकाणी असलेलं, स्वस्त आणि पक्षकाराला स्वतः जाता येईल असं दार होतं. ते बंद झालं. फौजदारी फिर्याद आणि दिवाणी दावा करायचा तर त्यासाठी पुन्हा वकीलच शोधायचा, तोही याच बारमधला. मग उरतं फक्त बार कौन्सिल. एकच दार उरलं असेल, तर ते उघडं आणि जवळ असलंच पाहिजे. मागच्या दारानं सूट घ्यायची आणि पुढचं दार मुंबईत ठेवायचं, हे पक्षकारावर अन्याय करणारं आहे.

इथं माझे मित्र हरकत घेतात, आणि ती हलकी नाही. ते म्हणतात, वकिलांची शिस्त बाहेरच्यांच्या हातात गेली तर स्वातंत्र्य संपेल. इतिहास त्यांच्या बाजूनं साक्ष देतो. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतली म्हणून अहमदाबादच्या वकिलांना मुंबई हायकोर्टानं जाब विचारला होता. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर १९२२ साली गांधीजींचं नाव लंडनच्या इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेनं पटावरून काढलं. ते परत घालायला १९८८ उजाडलं. १९६१ चा कायदा आला तो ही सत्ता वकिलांच्या स्वतःच्या निवडून दिलेल्या संस्थेकडं सोपवण्यासाठी. सरकारविरुद्ध उभं राहणाऱ्या वकिलाची सनद सरकारच्या मर्जीवर असू नये, हे मला मान्य आहे, कोल्हापुरातल्या माणसाला तर ते दोनदा सांगावं लागू नये. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रानं आणलेल्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या दुरुस्तीच्या मसुद्यातल्या, बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारी प्रतिनिधी नेमण्याच्या तरतुदीला वकिलांनी विरोध केला तेव्हा मीही त्यात होतो. तो मसुदा काही दिवसांतच मागं घेतला गेला.

पण सरकारचा माणूस आणि वकील नसलेला माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्ही सोयीसाठी दोन्ही एकच करून टाकतो. विधी आयोगानं मार्च २०१७ मध्ये २६६ वा अहवाल दिला. त्यात इतर क्षेत्रांतल्या माणसांना बार कौन्सिलमध्ये घेण्याची सूचना होती, तेव्हाही देशभर वकिलांनी अहवालाच्या प्रती जाळल्या. चार्टर्ड अकाउंटंटांच्या कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनं शिस्तपालन समितीत बाहेरच्या माणसांना बहुमत दिलं. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांच्या शिस्तीच्या न्यायाधिकरणावर वकील नसलेला सदस्य बसतो, आणि तिथल्या वकिलांचं स्वातंत्र्य त्यामुळं बुडालेलं नाही. निवृत्त जिल्हा न्यायाधीश, एखादी निवृत्त मुख्याध्यापिका, सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात हयात घालवलेला लेखापरीक्षक, अशी माणसं आपल्या जिल्ह्यात नाहीत का? मावशींच्या पासबुकातल्या नोंदी आणि वकिलाचं ‘तसंच ठरलं होतं’ हे शेजारी ठेवून बघायला वकिलीची पदवी लागत नाही.

निवडणुकीचा मुद्दा नाजूक आहे, तरी बोललं पाहिजे. कौन्सिलचे पंचवीस सदस्य वकिलांच्या मतांवर निवडून येतात. पाच वर्षांनी तेच पुन्हा मत मागायला आमच्याच बाररूममध्ये येतात. ज्याच्या मताची गरज आहे त्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा, हे कुठल्याही माणसाला जड जाईल. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही गेलं असतं, वर सांगितलंच आहे. याच कौन्सिलनं एके काळी वेगळा बाणाही दाखवला होता. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात पक्षकार ओढायला धक्काबुक्की करणाऱ्या वकिलांना तिनं शिक्षा केली, दिल्लीनं त्यांना सोडलं, तेव्हा ती स्वतः सुप्रीम कोर्टात गेली. धंद्याची शिस्त राखणं हे तिचंच काम असल्यानं तिला अपिलाचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९७५ साली मान्य केलं.

खोट्या तक्रारींचं काय, हा पुढचा प्रश्न. त्या असतात, आणि पुष्कळ असतात. हरलेला पक्षकार समोरच्या वकिलावर राग काढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच एका प्रकरणात आपल्या कौन्सिलची कारवाई टिकू दिली नाही. तक्रारदार हा त्या वकिलाचा पक्षकारच नव्हता, शिवाय प्रकरण समितीकडं का पाठवलं याची नीट कारणंही दिलेली नव्हती. कोर्टानं कौन्सिललाच पन्नास हजार रुपये खर्च भरायला लावला. आता हे प्रकरण २००१ च्या पुण्याच्या प्रकरणाशेजारी ठेवा. एकीकडं खरी तक्रार दारातूनच परत गेली, दुसरीकडं निराधार तक्रार आत आली आणि एका वकिलाला तिचा जाच सोसावा लागला. दोन्हींचं मूळ एकच. पहिली चाळण नीट लागत नाही. तिथं लेखी कारणं देणारा, घाई नसलेला, कुणाच्या मताची गरज नसलेला माणूस बसला तर प्रामाणिक वकिलाचंच जास्त भलं होईल. त्यामुळं हे वकिलांविरुद्धचं मागणं आहे असं कुणी म्हटलं तर ते मला मान्य नाही.

सगळ्याला कायदा बदलावा लागेल असंही नाही. बाहेरच्या माणसाला समितीत मत द्यायचं तर संसदेकडं जावं लागेल, खरं आहे. पण सुनावणी कोल्हापुरात घ्यायला काहीच आडवं येत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम १०-अ मध्ये कौन्सिलच्या बैठका आणि इतर समित्या मुख्यालयात बसाव्यात असं आहे, आणि त्यातून शिस्तपालन समित्यांना मुद्दाम वेगळं काढलं आहे. त्या नियमांत ठरेल त्या ठिकाणी बसू शकतात. कायदा करणाऱ्यांना हे सुचलं होतं, की तक्रारदार मुख्यालयाच्या गावचाच असेल असं नाही. सर्किट बेंचच्या सहा जिल्ह्यांसाठी महिन्यातून दोन दिवस एका समितीनं कोल्हापुरात बसावं. तक्रार इथंच दाखल करून घेण्यासाठी एक कारकून असावा आणि अर्जाचा नमुना मराठीत मिळावा. निकाल जाहीर व्हावेत, वकील दोषी ठरला तर नावासकट, निर्दोष ठरला तरीही, कारण अफवेनं बदनाम झालेल्या वकिलाला आज निर्दोषपणाचा कागद दाखवायलाही जागा नाही. आणि तडजोडीनं तक्रार मागं घेतली तरी तेवढ्यावरून चौकशी बंद करायची नाही, हा नियम आहे, तो पाळावा. पैसे परत देऊन तोंड बंद करायची वाट त्याशिवाय बुजणार नाही.

आमच्या सामुदायिक वागण्याबद्दलही एक बोलून घेतो. बेंचच्या लढ्यात आम्ही वेळोवेळी कामकाजापासून अलिप्त राहिलो. वकिलांना संपाचा हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच सांगितलं होतं. मागणी न्याय्य होती यावर माझा आजही विश्वास आहे. पण त्या दिवसांत ज्यांचे जामीन लांबले, ज्यांचे मनाई अर्ज तसेच पडून राहिले, त्या पक्षकारांनी आमच्या लढ्याची किंमत भरली आणि आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. त्यांचं हे देणं आमच्यावर आहे.

वकिलीच्या परवान्याला आपण सनद म्हणतो. राजानं दिलेल्या हक्काचा कागद, हा त्या शब्दाचा जुना अर्थ. याच करवीरात शाहू महाराजांनी अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, तेव्हा त्यांनी फक्त नोकरीची सोय केली नव्हती. ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांच्या वतीनं कोर्टात बोलणारं तोंड त्यांनी तयार केलं. आज ती सनद राजाची नाही, लोकांची आहे. तिचा हिशेब मागायला लोक येतील तेव्हा त्यांना कुठं पाठवायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

शिस्तपालन समितीच्या कोल्हापुरातल्या बैठकीची मागणी करणारा ठराव मी लिहून ठेवला आहे. आमच्या बार असोसिएशनच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत तो मांडणार आहे. त्याखाली आजपर्यंत माझी धरून पाच सह्या झाल्या. बाकी चारही ज्युनियरच्या आहेत, आणि त्यातल्या दोघी राधानगरीकडच्या आहेत.